ओहायो स्टेट फुटबॉल २०२४: मिशिगनने सलग चौथ्यांदा लोळवलं, आता पुढे काय?

बकायकाका | १ डिसेंबर २०२४, सकाळी ६:४०

काल १३-१०. मिशिगन जिंकलं, तेही आपल्या स्टेडियममध्ये येऊन. ओहायो स्टेटच्या गावात, कोलंबसमध्ये, कालपासून सुतक आहे. झोप लागत नाही म्हणून धागाच काढतो.

हा खेळ, म्हणजे अमेरिकन फुटबॉल, न बघणाऱ्यांसाठी थोडक्यात. ओहायो स्टेट आणि मिशिगन ही दोन शेजारी राज्यांची सरकारी विद्यापीठं, १८९७ पासून एकमेकांशी खेळतात. सामना थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी. आपल्याकडे मिशिगनचं नावही घेत नाहीत, 'ती वरची टीम' म्हणतात. त्या आठवड्यात कॅम्पसवरच्या पाट्यांवर जिथे जिथे 'एम' अक्षर असेल तिथे लाल पट्टीची फुली. जिंकलं की प्रत्येक खेळाडूला विजारीच्या आकाराचं इवलंसं सोनेरी पदक. जॅक सॉयर, जेटी तुइमोलोआउ, एमेका एग्बुका, ट्रेव्हियॉन हेंडरसन ही चौथ्या वर्षाची पोरं. गेल्या वर्षीच एनएफएलला (व्यावसायिक लीगला) जाऊ शकली असती, मिशिगनला एकदा तरी हरवायचं आणि राष्ट्रीय विजेतेपद घ्यायचं म्हणून थांबली. आता ते पदक त्यांच्या नशिबात नाही, विषय संपला.

टीम तरी कशी? खेळाडूंवर सुमारे २ कोटी डॉलर गेलेत, हे खुद्द ॲथलेटिक डायरेक्टर रॉस ब्योर्क बोलून गेले. अलाबामाहून केलेब डाउन्स आणला, ओल मिसहून क्विन्शॉन जडकिन्स, कॅन्सस स्टेटहून क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू) विल हॉवर्ड. चिप केली तर यूसीएलएचं मुख्य कोचपद सोडून इथे ऑफेन्स सांभाळायला आला. आणि जेरेमाया स्मिथ, पहिल्याच वर्षाचा पोरगा, वय जेमतेम १९, एका हाताने असे झेल घेतो की समोरचा डिफेंडरसुद्धा मान वळवून बघतो.

पहिले तीन सामने (ॲक्रन, वेस्टर्न मिशिगन, मार्शल) सोडून द्या, ती नेट प्रॅक्टिस. ऑक्टोबरमध्ये ओरेगनला त्यांच्या घरी ३२-३१, एका गुणाने गेलो, आणि क्वार्टरबॅकला राखणाऱ्या पुढच्या फळीतला डावा टॅकल जॉश सिमन्स, त्याचा गुडघाही गेला. नेब्रास्काशी २१-१७, जीव मुठीत धरून. पेन स्टेटला त्यांच्या मैदानावर २०-१३. शेवटाला गोललाइनवर डिफेन्सने जे रोखलं ते पुन्हा पुन्हा बघावं. मग त्याच फळीतला सेंटर सेथ मॅकलॉफलिन, त्याची टाच सरावात गेली. तरी तोवर एकही सामना न हरलेल्या इंडियानाला ३८-१५.

आणि काल? मिशिगन ६-५ होतं. त्यांचे हुकमी खेळाडू, विल जॉन्सन नाही, कोल्स्टन लव्हलंड नाही. जवळपास २० गुणांनी आपण जिंकणार असा भाव फुटलेला. त्यांच्या क्वार्टरबॅकने अख्ख्या सामन्यात ६२ यार्ड फेकले. बासष्ट! वर दोन इंटरसेप्शन दिले, म्हणजे दोनदा चेंडू आपल्याच हातात फेकला. तरी आपण हरलो. मधोमध मेसन ग्रॅहम आणि केनेथ ग्रँट हे दोन पहाड उभे, आणि आपण मधूनच पळतोय: २६ वेळा पळून ७७ यार्ड. बाजूला स्मिथ उभा आहे, एग्बुका उभा आहे, पण नाही. 'आम्ही दांडगे आहोत' हे आपला मुख्य कोच रायन डे याला सिद्ध करायचं होतं. कोणाला, ते त्यालाच ठाऊक. त्यात जेडन फील्डिंगच्या दोन किका हुकल्या, ३८ आणि ३४ यार्डांवरून. ४५ सेकंद उरले असताना त्यांच्या झ्वाडाने २१ यार्डांवरून मारली आणि संपलं.

मग मैदानाच्या मध्यावर त्यांनी झेंडा रोवायचा प्रयत्न केला, धक्काबुक्की, पोलिसांचा डोळ्यांत मारायचा फवारा. ते सगळं टीव्हीवर दिसलंच असेल.

प्रश्न एकच. डेला नारळ द्यावा का?

निळी_पैठणी | १ डिसेंबर २०२४, सकाळी ८:०५

नोवाय, मिशिगनहून सप्रेम नमस्कार. ६२ यार्ड पुरले हो काका. :)

गेल्या वर्षी १५-० जाऊन राष्ट्रीय विजेतेपद घेतलं, यंदा जेमतेम तग धरला होता. पण हा एक सामना जिंकला म्हणजे वर्ष भरून पावलं. आज आमच्याकडे पुरणपोळी आहे.

रगडापॅटिस | १ डिसेंबर २०२४, सकाळी ८:३२

आली मीठ चोळायला! पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.

सदाशिवपेठी | १ डिसेंबर २०२४, सकाळी ९:१५

पुण्यातून वाचतोय. दोन शंका. १२ पैकी १० सामने जिंकलेल्या टीमच्या कोचला काढायचं, हे कुठलं शास्त्र? आणि हा खेळ दर पाच सेकंदांनी थांबतो का? भाच्याकडे गेलो होतो तेव्हा साडेतीन तास बसलो, त्यात प्रत्यक्ष खेळ किती झाला देव जाणे. चेंडूला पाय क्वचितच लागतो, तरी नाव फुटबॉल.

रगडापॅटिस | १ डिसेंबर २०२४, सकाळी ९:४८

पेठी, ओव्हर असते ना सहा चेंडूंची? इथे चार चेंडूंची, त्यातल्या प्रत्येक प्रयत्नाला डाऊन म्हणतात. चार प्रयत्नांत १० यार्ड पुढे सरकलात तर नवी ओव्हर मिळते, नाहीतर चेंडू समोरच्याला. चेंडू घेऊन शेवटच्या पट्ट्यात शिरलात की टचडाऊन, ६ गुण, वर किकेचा एक. जमत नसेल तर लांबून किक मारून खांबांमधून घालवायचा, ३ गुण. प्रत्येक डाऊनआधी कोच बाहेरून चाल सांगतो, म्हणून ते थांबणं. एकदा चालीवर पैज लावायला लागलात की थांबणंच जास्त आवडतं.

केतकीचं_बन | १ डिसेंबर २०२४, सकाळी ११:२०

मी काल विद्यार्थ्यांच्या स्टँडमध्ये होते. चौथ्या क्वार्टरमध्ये लोक शिव्यासुद्धा देत नव्हते. लाखभर माणसं आणि ऐकू काय येतं, तर पलीकडच्या कोपऱ्यातला मिशिगनचा बँड.

पेठीकाका, तुमच्या पहिल्या शंकेचं उत्तर: डेने इतर सगळ्यांना हरवलंय. मुख्य कोच म्हणून आजवर ६६ विजय, १० पराभव. पण त्या १० मध्ये ४ एकट्या मिशिगनचे, तेही लागोपाठ: ४२-२७, ४५-२३, ३०-२४ आणि काल. इथे कोचचा हिशोब त्याच रकान्यात होतो. काढणं मात्र सोपं नाही, करार मोडायचा तर ३ कोटी डॉलरपेक्षा जास्त मोजावे लागतील. माझ्या स्टायपेंडमध्ये ते किती जन्मांचे होतात हे काढायला घेतलं होतं, सोडून दिलं.

बाकी त्याच्या घराबाहेर पहारा ठेवावा लागतो म्हणे. हे मात्र अति आहे. तीन पोरांचा बाप आहे तो.

बकायकाका | १ डिसेंबर २०२४, दुपारी १२:१०

पहाऱ्याबद्दल सहमत, ती विकृतीच. पण खेळाचं खेळापाशी. काढायचा नसेल तर निदान चाल बदलायला सांगा कोणी.

ढोलताशा | २ डिसेंबर २०२४, रात्री ९:३०

मुलगा शाळेच्या बँडमध्ये सूझाफोन (अंगाभोवती गुंडाळायचं मोठं पितळी वाद्य) वाजवतो आणि ओहायो स्टेटच्या बँडची स्वप्नं बघतो, म्हणून आमच्या घरी फुटबॉल म्हणजे बँडच्या मधे येणारा व्यत्यय. तरी सांगते, मैदानावर वाजवत वाजवत बँड वळणदार अक्षरांत 'ओहायो' लिहितो आणि शेवटी एक सूझाफोनवाला ऐटीत जाऊन 'आय'वरचा टिंब होतो, ते बघायला तरी एकदा या. शनिवारी तेवढंच बघण्यासारखं होतं.

अवांतर: त्या आठवड्यात मंडळाच्या हॉलवर इंग्रजी अक्षरांत 'मराठी मंडळ' असा फलक होता. पोरांनी दोन्ही 'एम'वर लाल टेप मारली. अध्यक्ष भडकले, मग त्यांचाच मुलगा निघाला.

निळी_पैठणी | २ डिसेंबर २०२४, रात्री ९:४१

हाहाहा! एक फलक आमच्याकडे पाठवा, आम्ही सन्मानाने लावू.

बकायकाका | ८ डिसेंबर २०२४, दुपारी २:१५

प्लेऑफ (राष्ट्रीय विजेतेपदाची बाद फेरी) जाहीर झाले. यंदापासून ४ ऐवजी १२ टीम. यंदाच्या नियमाने पहिले चार क्रमांक कॉन्फरन्स (टीमचे गट) विजेत्यांना, त्यांना पहिल्या फेरीत सुट्टी: ओरेगन, जॉर्जिया, बॉइझी स्टेट, ॲरिझोना स्टेट. ५ ते ८ क्रमांकाच्या टीमना पहिला सामना स्वतःच्या घरी. आपण आठवे. म्हणजे २१ तारखेला रात्री ८ वाजता कोलंबसमध्ये टेनेसी, जिंकलो तर नववर्षाच्या दिवशी रोझ बोलमध्ये (हंगामाअखेरच्या मानाच्या सामन्यांना 'बोल' म्हणतात) पुन्हा ओरेगन, पुढे बहुधा टेक्सास. सगळ्यात खडतर वाट आपलीच. गेल्या वर्षीचा चार टीमचा नियम असता तर आपण घरीच बसलो असतो.

नॉक्सव्हिलकर | ८ डिसेंबर २०२४, दुपारी ३:००

टेनेसीवाला हजर. येतोय २१ ला, चौघे. तिकिटं तुमच्याच लोकांनी विकायला काढलीत, धडाधड मिळताहेत. स्टेडियम आमच्या रंगाचं, केशरी, करून टाकू.

थंडी कितपत असते? आमच्याकडच्या जाड जॅकेटवर भागेल का?

ढोलताशा | ८ डिसेंबर २०२४, दुपारी ३:२५

भागणार नाही. एक सांगते ते ऐका: पायाखाली घालायला जाड पुठ्ठा घेऊन या, ॲमेझॉनच्या खोक्याचा चालेल. थंडी वरून नाही, खालच्या काँक्रीटमधून चढते. बसायला ॲल्युमिनियमचे बाक आहेत, त्यावर घोंगडीची घडी. हातमोज्यांत गरम पुड्या. थर्मास आत नेता येईल की नाही ते आधी बघून घ्या. आणि केशरी टोपीखाली कानटोपी घाला, कान गेले तर टेनेसीचं काही ऐकू येणार नाही, जे बरंच आहे म्हणा.

बकायकाका | ८ डिसेंबर २०२४, दुपारी ४:०२

तिकिटं विकणाऱ्या आमच्या लोकांची नावं मिळाली तर कळवा.

(नॉक्सव्हिलकर, सामन्याआधी घरी या. इथे कोलंबसजवळ डब्लिनलाच आहे. मिसळ करतो. सामन्यानंतर मात्र आमचं तोंड बघायला थांबू नका.)

केतकीचं_बन | २२ डिसेंबर २०२४, रात्री १:१०

४२-१७!!!

पहिल्या क्वार्टरमध्येच २१-०. पहिल्याच ताब्यात हॉवर्डचा स्मिथला ३७ यार्डांचा टचडाऊन. केशरी खूप होतं, खरंच खूप होतं, आत शिरताना पोटात गोळा आला. अर्ध्या तासात ते सगळं गप्प.

बोटं अजून बधिर आहेत. पुठ्ठ्याचा सल्ला देणाऱ्या ताईंना दंडवत.

नॉक्सव्हिलकर | २२ डिसेंबर २०२४, रात्री १:५५

मिसळ झकास होती. पुढचं बोलायला नको.

सदाशिवपेठी | २२ डिसेंबर २०२४, रात्री २:२०

मी बघितला. इथे सकाळचे साडेसहा, रविवार, म्हटलं बघू काय प्रकार आहे. तीन आठवड्यांपूर्वी ६२ यार्डवाल्यांकडून हरलेली हीच टीम ना? मग त्या दिवशी असं का नाही खेळले?

बकायकाका | २२ डिसेंबर २०२४, सकाळी ८:३०

लाख बोललात. हाच तर माझा मुद्दा आहे.

काल पहिल्या चालीपासून चेंडू बाहेरच्या बाजूला, लांब, स्मिथकडे. समोरच्याने मागे माणसं ठेवली की मग मधून हेंडरसन आणि जडकिन्स. म्हणजे आधी फेकून जागा करायची, मग त्या जागेतून पळायचं. मिशिगनविरुद्ध नेमकं उलट केलं होतं. पुढच्या फळीतले दोन लाइनमन मोडलेले असताना मधून डोकं आपटत राहिलो. गार्डवरून डाव्या टॅकलला आलेला डोनोव्हन जॅक्सन आता तिथे रुळलाय, आणि हॉवर्डच्या हातून चेंडू पटकन सुटतो.

त्या पराभवानंतर खेळाडू आणि कोच एकत्र बसले, मोकळेपणाने एकमेकांना काय ते सुनावलं असं छापून आलंय. आत काय झालं ते आपल्याला कळणार नाही, पण मैदानावर फरक डोळ्यांनी दिसतोय.

रगडापॅटिस | २२ डिसेंबर २०२४, सकाळी ९:००

काका, तुम्ही तीन आठवड्यांपूर्वी नारळ फोडायला निघाला होतात. तो परत घ्यायचा का पिशवीत?

बकायकाका | २२ डिसेंबर २०२४, सकाळी ९:०४

तूर्तास फ्रीजमध्ये ठेवलाय.

सदाशिवपेठी | २ जानेवारी २०२५, सकाळी ७:४०, पुणे वेळ

पहाटे साडेतीनला गजर लावून उठलो. बायकोला सांगितलं मॉर्निंग वॉक. ४१-२१. हे तेच ओरेगन ना, एकही सामना न हरलेलं? दुसऱ्या क्वार्टरमध्ये ३४-० होतं! मी चहा टाकायला गेलो तोवर दोन टचडाऊन.

केतकीचं_बन | १ जानेवारी २०२५, रात्री ९:३०

तेच ओरेगन. १३-० होते. ऑक्टोबरमधली त्यांची करामत आठवते का? शेवटचे काही सेकंद उरले असताना त्यांनी मुद्दाम १२ खेळाडू उतरवले. दंड फक्त ५ यार्ड, पण चालीत गेलेले ४ सेकंद परत मिळत नाहीत, आणि आम्हाला सेकंदच हवे होते. हॉवर्ड चेंडू घेऊन पळाला, घसरून बसला तोवर घड्याळ शून्यावर. नंतर त्या पळवाटेला बूच मारलं म्हणा, पण तो सामना गेला तो गेलाच.

आज त्याचं उट्टं निघालं. स्मिथ: ७ झेल, १८७ यार्ड, २ टचडाऊन. हेंडरसन एकदा ६६ यार्ड पळाला, वाटेत कोणी हातही लावला नाही. आणि डिफेन्सबद्दल कोणीच बोलत नाहीये. ८ सॅक, म्हणजे आठ वेळा त्यांच्या क्वार्टरबॅकला चेंडू फेकायच्या आत पाडलं! ओरेगनची धावण्याची बेरीज उणे २३ यार्ड. उणे! म्हणजे घरात बसून राहिले असते तर २३ यार्डांचा फायदा होता.

निळी_पैठणी | १ जानेवारी २०२५, रात्री १०:१२

चांगले खेळलात, नाकारत नाही. आम्ही काल अलाबामाला १९-१३ हरवलं, कोणी विचारलं नाही म्हणून सांगून ठेवते.

आज न्यू ऑर्लिन्सला गर्दीत गाडी घालून जो हल्ला झाला त्याने मन थाऱ्यावर नाही. तिथला शुगर बोल उद्यावर ढकलला, तेच बरोबर.

बकायकाका | ३ जानेवारी २०२५, सकाळी ७:२०

एक मजा लक्षात आली का? पहिल्या फेरीत सुट्टी मिळालेल्या चारही टीम त्यांच्या पहिल्याच सामन्यात गारद. बॉइझी पेन स्टेटकडून, ॲरिझोना स्टेट टेक्सासकडून दोन ओव्हरटाइमनंतर, ओरेगन आपल्याकडून, जॉर्जिया नॉट्र डेमकडून. तीन आठवडे घरी बसून अंगाला गंज चढतो. आम्हाला मिशिगनने पहिल्या फेरीत ढकललं, हा उपकारच म्हणायचा.

निळी_पैठणी | ३ जानेवारी २०२५, सकाळी ७:३१

उपकाराची परतफेड दरवर्षी नोव्हेंबरात करा, म्हणजे झालं.

रगडापॅटिस | ११ जानेवारी २०२५, रात्री १२:०५

कॉटन बोल, म्हणजे उपांत्य सामना. टेक्सास. २८-१४. आकड्यांवर जाऊ नका, मी मेलो होतो.

टेक्सासने स्मिथला कुलूप लावलं, एक झेल, ३ यार्ड, बस. हाफटाइमला काही सेकंद राहिले असताना हेंडरसनला साधा आखूड पास दिला आणि तो ७५ यार्ड पळत सुटला. तिसऱ्या क्वार्टरमध्ये पुन्हा १४-१४. चौथ्यात एका चौथ्या डाऊनला हॉवर्ड स्वतः पळाला, पुढे मोकळं रान, आणि स्वतःच्याच पायात अडखळून पडला! नशीब की डाऊन निघाला आणि मग जडकिन्सने आत घातला. २१-१४.

मग टेक्सास आपल्या गोलपासून १ यार्डावर. एक! चार प्रयत्न. मला वाटलं ओव्हरटाइमची तयारी ठेवा. दुसऱ्या डाऊनला त्यांनी चेंडू बाजूला फिरवला, आपल्या पोरांनी ७ यार्ड मागे रेटला. चौथ्या डाऊनला ८ यार्डांवरून क्विन युअर्स मागे सरकला, जॅक सॉयर बाहेरून आला, त्याच्या हातातून चेंडू उडवला, तोच उचलला आणि ८३ यार्ड पळत गेला. एवढा मोठा गडी, शेवटच्या २० यार्डांत धापा टाकत होता पण थांबला नाही.

ढोलताशा | ११ जानेवारी २०२५, रात्री १२:२०

आणि युअर्स पूर्वी ओहायो स्टेटलाच होता, सॉयरच्याच खोलीत राहायचा! सॉयर आमच्या बाजूच्या पिकरिंग्टनचा. इथे गल्लीत आत्ता फटाके वाजताहेत. उणे १० आहे बाहेर.

केतकीचं_बन | ११ जानेवारी २०२५, रात्री १२:४४

मिशिगनच्या त्या दिवशी झेंड्याच्या मागे धावणारा हाच सॉयर होता. एकही सोनेरी विजार न मिळवता जाणारा. आज त्याच्यासाठी फार बरं वाटलं.

सदाशिवपेठी | २१ जानेवारी २०२५, सकाळी ९:५०, पुणे वेळ

जिंकलो! (मीही आता 'जिंकलो' म्हणतो, चालेल ना?) सकाळी सहाला सुरू झाला म्हणून पोहे खात खात बघितला. सुरुवातीला नॉट्र डेमने चेंडू सोडलाच नाही, जवळजवळ दहा मिनिटं, १८ चाली, टचडाऊन. म्हटलं झालं.

बकायकाका | २१ जानेवारी २०२५, रात्री १२:३०

चालेल म्हणजे काय, धावेल! ३४-२३. राष्ट्रीय विजेते. २००२ च्या हंगामात मी नुकताच शिकायला आलो होतो तेव्हा मायामीला डबल ओव्हरटाइममध्ये हरवलं होतं, मग २०१४, आणि आता हे.

सविस्तर लिहितो. नॉट्र डेमच्या त्या लांबलचक ड्राइव्हनंतर आपण पहिल्या चारही ताब्यांत टचडाऊन केले. हॉवर्डचे पहिले १३ पास एकामागोमाग एक पोचले. दुसरा हाफ सुरू होताच जडकिन्स ७० यार्ड पळाला. ३१-७ झालं आणि मी सोफ्यावर आडवा झालो, तिथेच घोळ झाला. मार्कस फ्रीमनची टीम अशी सोडून देणारी नाही. (फ्रीमन आपलाच, ओहायो स्टेटचा जुना लाइनबॅकर, डेटनजवळचा. समोर उभा होता तरी राग येत नव्हता.) ३१-१५. मग त्यांची एक किक खांबाला लागली, नाहीतर आणखी जवळ आले असते. तरी ३१-२३ केलंच, ४ मिनिटं बाकी.

आता ही चाल नीट बघा. तिसरा डाऊन, ११ यार्ड हवेत, सुमारे अडीच मिनिटं उरलेली. शहाणा कोच इथे मधून पळतो, घड्याळ खातो, पंट करतो (चेंडू लांब लाथाडून समोरच्याला देतो) आणि देवाचं नाव घेतो. ३० नोव्हेंबरच्या रायन डेने तेच केलं असतं. काल चिप केलीने स्मिथला एकट्याला एका बाजूला लावला, समोर एकच डिफेंडर, आणि हॉवर्डने सरळ लांब फेकला. ५६ यार्ड. तो चेंडू हवेत होता तेव्हा माझ्या घरात नऊ माणसं होती आणि एकही श्वास घेत नव्हतं.

त्यानंतर किक मारायला कोण आला? जेडन फील्डिंग. ३३ यार्ड, म्हणजे मिशिगनविरुद्ध हुकलेल्या एका किकेपेक्षा एकच यार्ड कमी. मधोमध. २६ सेकंद बाकी.

निळी_पैठणी | २१ जानेवारी २०२५, रात्री १२:५८

अभिनंदन, मनापासून. शेवटचा पास धाडसी होता.

आता खरं बोला. १३-१० आणि ३४-२३ यांतलं एकच मिळणार असतं तर?

बकायकाका | २१ जानेवारी २०२५, रात्री १:०६

३४-२३. डोळे झाकून.

रगडापॅटिस | २१ जानेवारी २०२५, रात्री १:०९

१ डिसेंबरला विचारलं असतं तर काका काय म्हणाले असते याचा स्क्रीनशॉट याच धाग्यावर वर आहे.

केतकीचं_बन | २१ जानेवारी २०२५, सकाळी १०:१५

मी जरा उलट सूर लावते. काल हाय स्ट्रीटवर मीही होते, नाचलेही. पण मला वाटतं या १२ टीमच्या प्लेऑफने नोव्हेंबरच्या सामन्याचं वजन कमी केलं. आजवर तो हरलात तर बहुतेक सगळं गेलं, म्हणून तर लोक वेडे व्हायचे. आता हरूनही विजेते होता येतं. दहा वर्षांनी इथे येणारं पोरगं पाट्यांवर लाल पट्टी लावेल, पण त्याच्या पोटात गोळा येईल का?

बकायकाका | २१ जानेवारी २०२५, सकाळी ११:०२

केतकी, मला पटत नाही. वजन कमी झालं असतं तर डेच्या घराबाहेर पहारा लागला नसता. प्लेऑफमध्ये जागा जवळपास पक्की आहे हे ३० नोव्हेंबरला सगळ्यांना माहीत होतं, तरी लोकांनी त्याचं जगणं मुश्कील केलंच.

आणि माझं मत विचारशील तर हे विजेतेपद त्या १३-१० मधून निघालंय. हरलो नसतो तर मधून डोकं आपटण्याची खोड तशीच राहिली असती, आणि ती टेक्सास नाहीतर नॉट्र डेमने कधीतरी उघडी पाडली असती, तेव्हा सावरायला पुढचा सामना नसता. आकडेच बघ ना. मिशिगनविरुद्ध १० गुण. पुढच्या चार सामन्यांत ४२, ४१, २८, ३४.

केतकीचं_बन | २१ जानेवारी २०२५, सकाळी ११:२०

म्हणजे चार वर्षं हरण्याचं श्रेयसुद्धा डेलाच? वा!

तुमच्या आकड्यांत एक गोष्ट राहिली. टेक्सासविरुद्ध स्मिथला ३ यार्ड मिळाले आणि २८ मधले ७ गुण तर सॉयरचे. तो सामना चाल बदलल्याने नाही, गोललाइनवरच्या डिफेन्सने जिंकला. डिफेन्सचा कोच जिम नोल्स, त्याची पोरं मिशिगनविरुद्धही अशीच खेळली होती, १३ गुण म्हणजे काहीच नाही. सुधारलं ते अर्धं, उरलेलं अर्धं आधीपासूनच चांगलं होतं.

ढोलताशा | २१ जानेवारी २०२५, सकाळी ११:४५

केतकीला अनुमोदन. डिफेन्सला आपल्याकडे कोणी हार घालत नाही.

सदाशिवपेठी | २२ जानेवारी २०२५, सकाळी ८:१०, पुणे वेळ

एक कळलं नाही. २ कोटी डॉलर पोरांना मिळाले म्हणता, मग हे विद्यार्थी कसे? आमच्या वेळी कॉलेजच्या टीमला केळं आणि ग्लुकोज मिळायचं.

रगडापॅटिस | २१ जानेवारी २०२५, रात्री १०:३०

२०२१ पर्यंत यांनाही शिष्यवृत्तीपलीकडे काही घेता येत नव्हतं. कोच कोट्यवधी घ्यायचा, टीव्हीचे करार अब्जांत, आणि पोराने स्वतःची सही विकली तर बंदी. ओहायो स्टेटच्याच पाच जणांना २०१० मध्ये सोनेरी विजारी वगैरे देऊन टॅटू काढून घेतले म्हणून निलंबित केलं होतं, पुढे कोच जिम ट्रेसलची नोकरीही त्यात गेली. आता स्वतःच्या नावाचे पैसे घेता येतात. या हंगामात ते फीमधून नाही, देणगीदार आणि कंपन्यांकडून आले. त्यात ट्रान्स्फरचे (कॉलेज बदलायचे) नियम सैल झाले, म्हणून दर हिवाळ्यात बाजार भरतो.

मला यात गैर काही वाटत नाही. लाखभर लोक तिकीट काढून ज्याला बघायला येतात त्याला केळं देऊन कसं चालेल?

केतकीचं_बन | २१ जानेवारी २०२५, रात्री १०:५२

पीएचडीवाल्यांना बघायला कोणी तिकीट काढत नाही, हा आमचाच दोष. :(

ढोलताशा | २६ जानेवारी २०२५, संध्याकाळी ५:००

आज दुपारी स्टेडियममध्ये सत्कार होता, जाऊन आलो. हजारोंनी लोक. डे बोलायला उठला तर टाळ्या थांबेनात. यातले निम्मे तरी डिसेंबरात त्याला हाकलायला निघाले होते. बँड छान वाजला.

बकायकाका | ३ फेब्रुवारी २०२५, सकाळी ७:४५

धागा वर काढतोय. जिम नोल्स पेन स्टेटला गेला, आणि आता चिप केली एनएफएलमध्ये लास व्हेगास रेडर्सकडे. दोन आठवड्यांत दोन्ही हात गेले. हॉवर्ड, हेंडरसन, जडकिन्स, एग्बुका, सॉयर, तुइमोलोआउ, सगळेच निघाले. राहिले स्मिथ आणि डाउन्स.

सदाशिवपेठी | ३ फेब्रुवारी २०२५, संध्याकाळी ६:५०, पुणे वेळ

स्मिथ का नाही गेला? त्याला तर कोणीही घेईल.

बकायकाका | ३ फेब्रुवारी २०२५, सकाळी ८:३०

जाऊच शकत नाही. शाळा सुटल्यावर तीन वर्षं व्हावी लागतात, त्याआधी एनएफएल घेत नाही. २०२६ चा हंगाम संपेपर्यंत तो आपलाच, दुसऱ्या कुठल्या कॉलेजने पळवला नाही तर. क्वार्टरबॅक बहुधा ज्युलियन सेयिन होईल, पोरगा नवखा आहे. आणि पहिलाच सामना ३० ऑगस्टला टेक्सासशी, आपल्या घरी.

नॉक्सव्हिलकर | ३ फेब्रुवारी २०२५, सकाळी ९:०२

टेक्सासविरुद्ध तुमच्या बाजूने ओरडायला तयार आहे. ऑगस्टमध्ये पुठ्ठा लागत नसेल ना? आणि मिसळ नक्की का?

बकायकाका | ३ फेब्रुवारी २०२५, सकाळी ९:१०

मिसळ नक्की. तिकिटाचं तुमचं तुम्ही बघा, यंदा कोणी विकायला काढणार नाही.

निळी_पैठणी | ३ फेब्रुवारी २०२५, सकाळी ९:१६

२९ नोव्हेंबर, ॲन आर्बर. तिकिटं मी काढून ठेवू का काका? किती जण?

बकायकाका | ३ फेब्रुवारी २०२५, सकाळी ९:४०

चार. आणि शक्यतो ओहायोवाल्यांच्या स्टँडमध्ये.